कागदाचेही पडिलेहण

दसरा उलटला की तीर्थपुरीच्या बाजारपेठेला उसंत राहत नाही. घनसावंगी तालुक्यातील आसपासच्या गावांतून सोयाबीनची पोती येऊ लागतात, त्यामागून कापूस येतो, आणि आडत दुकानांपासून कृषी सेवा केंद्रांपर्यंत सर्वत्र काटा, पावती आणि उधारी यांची एकच घाई उडते. पूर्वी अशा दिवसांत दुकान वाढवण्याच्या वेळी मुनीमजी रोजमेळ घेऊन बसत. आज त्या जागी बहुधा घरातील तरुण मुलगा किंवा सून संगणक उघडून बसते. जीएसटीच्या नोटिशीला उत्तर, कंपनीला तक्रारीचे पत्र, ग्राहकांना पाठवायचा मजकूर, एखाद्या करारनाम्याचा मराठी अनुवाद, ही सारी कामे कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितली की काही क्षणांत तयार होऊन समोर येतात. भाषा शुद्ध, मांडणी नीटनेटकी, कलमांचे आकडे जागच्या जागी. मग त्याखाली सही होते आणि कागद मार्गस्थ होतो.

ही सोय नाकारण्याचे काहीच कारण नाही. जाणकार सल्लागार गाठण्यासाठी जेथे तालुक्याबाहेर जावे लागते, तेथे तर ती विशेष मोलाची आहे. प्रश्न एवढाच आहे की, मजकूर तयार होणे आणि त्यावर सही होणे या दोहोंच्या मध्ये तो कोणी वाचला का? वाचला असल्यास मूळ कागदाशी ताडून पाहिला का? मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणाने हा प्रश्न व्यापारी वर्गासमोर अत्यंत स्पष्टपणे ठेवला आहे.

नसलेल्या निकालांवर आकारलेला कर

केएमजी वायर्स या कंपनीने २०२३-२४ या आकारणी वर्षासाठी सुमारे ३ कोटी ९ लाख रुपयांचे उत्पन्न दाखवून प्राप्तिकर विवरणपत्र भरले होते. नॅशनल फेसलेस असेसमेंट सेंटरने मार्च २०२५ मध्ये दिलेल्या आदेशात हेच उत्पन्न सुमारे २७ कोटी ९१ लाख रुपये ठरवण्यात आले. एका पुरवठादाराकडून झालेली खरेदी अमान्य करण्यात आली, आणि संचालकांनी दिलेल्या कर्जाच्या रकमाही उत्पन्नात मिळवण्यात आल्या. त्या रकमा मिळवण्याच्या समर्थनार्थ आदेशात तीन न्यायनिर्णयांचे दाखले दिले होते. कंपनीने उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा उघड झालेली गोष्ट कोणाही व्यापाऱ्याला अस्वस्थ करणारी होती. ते तीन निकाल अस्तित्वातच नव्हते. पुरवठादाराने उत्तर दिले नाही, असे ज्या खरेदीविषयी म्हटले होते, त्या खरेदीचे उत्तर कागदपत्रांसह विभागाकडे पोहोचलेले होते.

न्यायमूर्ती बी. पी. कुलाबावाला आणि न्यायमूर्ती अमित जामसंडेकर यांच्या खंडपीठाने ऑक्टोबर २०२५ मध्ये हा आदेश रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. निकालपत्रात न्यायालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या युगाचा आवर्जून उल्लेख केला. यंत्रणेने पुढे केलेल्या उत्तरांवर विसंबण्याकडे माणसाचा कल असतो. परंतु न्यायसदृश अधिकार वापरणाऱ्याने अशा उत्तरांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, ती वापरण्यापूर्वी पडताळून घ्यावीत, नाहीतर अशा चुका शिरतात, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता.

या प्रकरणात व्यापारी हा भोगणारा होता. त्याचे कागद जागेवर होते, आणि आदेशातील दाखले मुळात आहेत की नाहीत हे तपासले गेले, म्हणून तो तरला. परंतु हीच चूक उलट दिशेनेही होऊ शकते. नोटिशीला उत्तर देताना एखाद्या दुकानदाराने यंत्राने सुचवलेला निकाल शोध न घेता जोडला, तर तो भोगणारा न राहता चुकीचा कर्ता ठरतो. विवरणपत्राच्या शेवटी दिलेली माहिती खरी आणि पूर्ण असल्याचे सत्यापन करदाता स्वतः करतो. ती माहिती मुनीमाने लिहिली, सल्लागाराने लिहिली की यंत्राने, याला तेथे स्थान नाही.

यंत्र का चुकते

यंत्राला फसवायचे असते म्हणून ते चुकते, असे नाही. मजकूर लिहिणारी ही यंत्रणा अफाट लिखाणावर घडवलेली असते, आणि कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, या अनुमानावर ती एकेक शब्द पुढे ठेवत जाते. न्यायालयीन दाखला कसा दिसतो हे तिला उत्तम ठाऊक असते: दोन पक्षांची नावे, वर्ष, खंडाचा क्रमांक, पान. त्या साच्यात बसणारा दाखला ती घडवू शकते. तो निकाल खरोखर दिला गेला होता की नाही, हे मात्र बाहेरच्या नोंदीशी जोडून पाहिल्यावाचून तिला कळत नाही. माणूस चुकताना अनेकदा अडखळतो, खाडाखोड करतो, आवाज खाली आणतो, आणि ऐकणारा त्यावरून सावध होतो. यंत्राचे चूक उत्तर बरोबर उत्तराइतक्याच ठाम स्वरात येते. सावध करणारी ती खूणच येथे नाहीशी झालेली असते.

यंत्रालाच ‘हे खरे आहे ना?’ असे विचारणे म्हणजे तपासणी नव्हे, हेही अनुभवाने सिद्ध झाले आहे. न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निकाल न्यायालयात सादर केले होते. हे निकाल खरे आहेत का, असे वकिलाने त्या यंत्रालाच विचारले होते आणि यंत्राने होकार दिला होता. निकाल काल्पनिक निघाले, आणि जून २०२३ मध्ये न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. ज्याने माल मोजला त्यालाच ‘माप बरोबर आहे ना’ असे विचारून काटा तपासता येत नाही, एवढे तरी कोणत्याही आडत्याला सांगावे लागू नये.

मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. डेलॉइट या जगप्रसिद्ध सल्लागार संस्थेने ऑस्ट्रेलिया सरकारच्या एका विभागासाठी सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या मोबदल्यात केलेल्या अहवालात अस्तित्वात नसलेले संदर्भ आढळले. सिडनी विद्यापीठातील एका संशोधकाने ते वाचून ओळखले. अहवाल तयार करताना कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर झाल्याचे नंतरच्या सुधारित आवृत्तीत नमूद झाले, आणि २०२५ मध्ये संस्थेने मोबदल्याचा काही भाग परत करण्याचे मान्य केले. चूक पकडली ती त्या विषयाची ग्रंथसंपदा ठाऊक असलेल्या एका माणसाने.

भाषेच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनीच जाहीरपणे सांगितलेले उदाहरण बोलके आहे. इंग्रजी निकालांच्या यांत्रिक अनुवादात ‘लीव्ह ग्रँटेड’ या शब्दांचा अर्थ ‘अपिलास परवानगी दिली’ असा न होता ‘सुट्टी मंजूर झाली’ असा झाला. बाजाराची मराठी तर याहून कठीण. ‘पट्टी’ म्हणजे शेतकऱ्याला द्यायची हिशेबपट्टी, जखमेवरची पट्टी की कापडाची पट्टी, हे संदर्भावरून दुकानातील हमालालाही कळते. यंत्राला ते प्रत्येक वेळी कळेलच, असे धरून चालता येत नाही.

दुकानाच्या उंबरठ्यावर

मुंबईच्या न्यायालयातील प्रकरण आणि तीर्थपुरीतील दुकान यांत अंतर दिसते तितके नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे अनेक दर बदलले. सिमेंट २८ टक्क्यांवरून १८ वर आले, ठिबक सिंचनाचे साहित्य १२ वरून ५ वर, अंगाचा साबण १८ वरून ५ वर. ज्या यंत्राचे शिक्षण त्यापूर्वीच्या लिखाणावर झाले आहे आणि ज्याला ताजी अधिसूचना दाखवलेली नाही, ते जुना दर अगदी निःशंकपणे सांगू शकते. त्या दराने बिल फाडले गेले, तर ग्राहकाकडून अधिक कर घेतला गेला, आणि तोही अनवधानाने. अनवधान हे कारण खरे असले तरी ग्राहकाच्या खिशातून गेलेले पैसे त्याने परत येत नाहीत.

कृषी सेवा केंद्राच्या फळीवर ही जोखीम पैशांपुरती राहत नाही. महाराष्ट्र शासनाने जून २०२५ मध्ये ‘महाअ‍ॅग्री-एआय धोरण २०२५–२०२९’ मंजूर केले असून शेतीविषयक सल्ला मराठीतून देणारी साधनेही येत आहेत. शेतकरी आज दुकानात येतो तोच मोबाइलवरील उत्तर हातात घेऊन. कीटकनाशकाच्या माहितीपत्रकात मात्रा बहुधा हेक्टरी दिलेली असते. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. हेक्टरचा आकडा उत्तरात एकराचा म्हणून आला, तर पिकावर आणि फवारणाऱ्याच्या अंगावर अडीचपट औषध जाते. कीटकनाशकाची चूक काय करू शकते, हे महाराष्ट्राने २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पाहिले आहे. फवारणीतील विषबाधेने तेथे २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या घटनेशी यंत्राचा काही संबंध नव्हता. परंतु ज्या क्षेत्रात मात्रेला आणि खबरदारीला इतके महत्त्व आहे, तेथे उत्तर कोणाकडूनही आले तरी ते डब्यावरील माहितीपत्रकाशी आणि विषारीपणा दाखवणाऱ्या रंगीत त्रिकोणाशी ताडून पाहणे हे दुकानदाराचे कर्तव्य आहे. अहिंसेचे व्रत मानणाऱ्या घरातील गल्ल्यावर तर ते अधिकच आहे.

मुनीमजींची लाल खूण

तपासणी ही व्यापारी घरांना नवी शिकवण नाही. रोजमेळातील शिल्लक आणि गल्ल्यातील रोकड जुळल्याशिवाय दुकान वाढवायचे नाही, हा दंडक कित्येक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. खतावणी करताना प्रत्येक रकमेपुढे खूण केली जाई आणि शेवटी तेरीज काढून दोन्ही बाजू मिळवल्या जात. आठ आण्यांचा फरक सापडेना म्हणून रात्र जागवल्याच्या आठवणी अनेक घरांत आजही सांगितल्या जातात. त्या आठ आण्यांची किंमत मोठी नव्हती. पण फरकाचे कारण कळत नसेल तर त्याआड आणखी काय दडले आहे हेही कळत नाही, ही समज मोठी होती.

आधुनिक व्यवस्थेनेही हेच तत्त्व निराळ्या रूपात स्वीकारले आहे. जीएसटी क्रमांकाची १५ अक्षरे पाहावीत. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७. पुढील दहा अक्षरे पॅनची. आणि अगदी शेवटचे अक्षर केवळ आधीची अक्षरे बरोबर आहेत की नाहीत हे तपासण्यासाठी ठेवलेले. चूक होणारच, हे गृहीत धरून तिला पकडण्याची जागा आधीच राखून ठेवलेली असते. दुकानातील कामाची आखणी करतानाही अशी एक जागा राखून ठेवावी लागते.

कृत, कारित आणि अनुमोदित

या विषयाकडे पाहण्याची एक दृष्टी जैन आचारधर्माने फार पूर्वीच दिलेली आहे. श्वेतांबर परंपरेतील साधू-साध्वी सकाळी आणि दिवस कलताना आपल्या वस्त्रांचे व पात्रांचे पडिलेहण करतात. दिगंबर मुनी वस्तू उचलताना व ठेवताना पिच्छीने प्रमार्जन करतात. वस्त्र कालचेच असते, पात्रही तेच असते. तरी कालच्या पडिलेहणावर आजचा दिवस ढकलता येत नाही. एखादा सूक्ष्म जीव तेथे असेलच असे नाही, पण नसेलच असे न पाहता कसे म्हणावे? न पाहता धरलेला विश्वास हाच प्रमाद. गौतमस्वामींना क्षणमात्रही प्रमादात न राहण्याचा जो उपदेश भगवान महावीरांनी केला, तो उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात पुन्हा पुन्हा येतो.

याहूनही नेमके मार्गदर्शन कृत, कारित आणि अनुमोदित या विचारात आहे. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि केलेल्याला संमती दिलेले, या तिन्हींचे उत्तरदायित्व जीवावर येते. यंत्राकडून लिहून घेणे हे कारित आहे आणि त्याखाली सही करणे हे अनुमोदन. ‘मी लिहिले नाही, संगणकाने लिहिले’ हा बचाव या दृष्टीने उभाच राहत नाही. यंत्राला व्रत नाही, अतिचार नाही, प्रायश्चित्तही नाही. ते सारे सही करणाऱ्याचे. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे, हा एक अतिचार सांगितला आहे. जाणूनबुजून केलेला खोटा लेख आणि न वाचता पाठवलेला खोटा लेख यांत हेतूचा भेद निश्चितच आहे. परंतु ज्याच्या हाती तो लेख पडतो, त्याचे नुकसान दोन्ही वेळी सारखेच होते.

लेखन आणि संशोधन ही दोन स्वतंत्र कामे आहेत, हेही जैन ग्रंथपरंपरेने जाणले होते. हस्तलिखितांच्या शेवटी लेखनिक बहुधा क्षमायाचना करी. जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष आपल्याला देऊ नये, असा तिचा आशय असे. नकल करणाऱ्याला हे म्हणता येत होते, कारण त्याच्यामागे शोधून शुद्ध करणारा विद्वान उभा असे. इसवी सनाच्या अकराव्या शतकात अभयदेवसूरींनी नऊ अंगग्रंथांवर वृत्ती रचल्या, तेव्हा एवढ्या थोर आचार्यांनीही आपले लेखन अणहिलपूर पाटण येथे द्रोणाचार्यांसारख्या विद्वानांकडून तपासून घेतले. द्रोणाचार्य चैत्यवासी परंपरेचे होते, अभयदेवसूरींच्या परंपरेचे नव्हते. मतभेद असलेल्या परंपरेतील विद्वानाच्या नजरेखालून आपले लेखन घालण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, आणि त्या साहाय्याची कृतज्ञ नोंदही त्यांनी करून ठेवली.

वेळ कोठून आणावा

येथे व्यवहारी शंका येते. यंत्राने दहा मिनिटांत केलेले काम तपासायला अर्धा तास लागणार असेल, तर यंत्र हवे कशाला? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर सरसकट देता येत नाही. दिवाळीच्या शुभेच्छांचा मजकूर एकदा नजरेखालून घातला तरी पुरे. ज्या कागदाने पैसा, कायदा, आरोग्य किंवा कोणाची अब्रू यांना धक्का लागू शकतो, त्याचा मात्र शब्द नि शब्द पाहिला पाहिजे. वाचलेल्या वेळेतील काही भाग तपासणीला द्यावा लागतो. सारा वेळ वाचला असे समजणे हीच हिशेबातील पहिली चूक.

तपासणीची रीत सोपी ठेवता येते. मजकुरातील प्रत्येक आकडा, तारीख, नाव, कलम आणि निकाल यांखाली रेघ ओढावी, आणि मूळ बिल, अधिसूचना, माहितीपत्रक किंवा न्यायालयाचे संकेतस्थळ पाहून झाल्यावरच त्यापुढे खूण करावी. मूळ सापडले नाही, तर ते वाक्य कितीही सुंदर असले तरी काढून टाकावे. ज्याने यंत्राकडून मजकूर करून घेतला, त्याच्याखेरीज घरातील दुसऱ्या कोणी तो वाचावा, कारण स्वतः मागवलेले उत्तर बरोबरच असावे अशी मनाची ओढ असते. विषय आपल्या आवाक्याबाहेरचा असेल, तर करसल्लागाराला किंवा कृषी अधिकाऱ्याला दाखवावा, आणि मजकूर यंत्राने केलेला आहे हे त्यांना मोकळेपणाने सांगावे. नव्वद वेळा बरोबर निघालेल्या यंत्रावर एक्याण्णवाव्या वेळी डोळे मिटतात. म्हणून खूण करण्याचा नियम थकव्याच्या, घाईच्या आणि सीझनच्या दिवसांतच अधिक कसोशीने पाळावा लागतो.

यात घरातील वडीलधाऱ्यांचाही वाटा आहे. ज्या आजोबांना संगणक उघडता येत नाही, त्यांना कोणत्या गिऱ्हाइकाशी कोणत्या शब्दांत बोलावे, कोणता दर अशक्य आहे, कोणत्या गावात कोणते माप चालते, हे मुखोद्गत असते. नातवाने यंत्राकडून करून घेतलेले पत्र आजोबांना मोठ्याने वाचून दाखवले, तर दोन पिढ्यांचे ज्ञान एकाच कागदावर उतरते आणि चूक उंबरठ्याच्या आतच सापडते. नातवालाही धंद्याची ती भाषा ऐकायला मिळते, जी कोणत्याही यंत्राने अजून पुरती शिकलेली नाही.

तीर्थपुरी ज्या घनसावंगी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच ते निघून गेल्याची कथा या भागातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. तो शब्द त्या मांडवात अनेकांनी ऐकला होता, आणि त्यापूर्वी कितीतरी मांडवांत तो उच्चारला गेला होता. तो खऱ्या अर्थाने ऐकला एकानेच. जैन परंपरा ज्याला अप्रमाद म्हणते, त्याचेच हे मराठी नाव. आज संध्याकाळी दुकान वाढवण्यापूर्वी एखाद्या तयार मजकुराखाली सही करायची असेल, तर लेखणी टेकवण्याआधी त्यातील निदान एक आकडा मूळ कागदाशी ताडून पाहावा. तो जुळला तर पुढचा पाहावा. नाही जुळला, तर त्या रात्री दुकान थोडे उशिरा वाढवावे.